सुनेच्या नावाचं कार्ड

चाकण, १८ नोव्हेंबर १९५७

रा. रा. रंगराव माळेगावकर, खाजगी तपासनीस, चिंचवड, यांस चाकणहून विमल मुंगसे हिचा नमस्कार.

तुमची जाहिरात गुळाच्या पुडीच्या कागदावर वाचली. ‘गुप्त तपास, अब्रूची हमी.’ पत्त्यावरच गूळ लागला होता, तेव्हा पत्र भलत्याकडे गेलं असेल तर ज्यानं फोडलं त्यानं कृपा करून परत धाडावं.

मी सातवी पास आहे. अक्षर माझं आहे, कुणाकडून लिहून घेतलेलं नाही. आमच्याकडचे हे दापोडीला मोटारींच्या कारखान्यात फिटर आहेत. दर शनिवारी घरी यायचे, सोमवारी पहाटे जायचे. दसऱ्यापासून येणं तुटलं. दिवाळीत पाडव्याला आले, ते पाहुण्यासारखे. माझं ताट वेगळं वाढ म्हणाले. पाच वर्षांची पोर गळ्यात पडायला धावली, तिला हातानं लांब केली. रात्री ओट्यावर एकटे निजले. मला शिवलेसुद्धा नाहीत. आता ‘ओव्हरटाइम आहे’ एवढं दोन ओळींचं कार्ड येतं.

गावात बोलतात की दापोडीला दुसरं बिऱ्हाड केलंय. आग असल्याशिवाय धूर निघत नाही म्हणे. मला खरं काय ते हवं. खरं असेल तर सोसेन, खोटं असेल तर बोलणाऱ्यांची तोंडं शिवीन, पण असं अधांतरी लोंबकळायचं नाही मला.

नाव मी घेत नाही, लिहीतही नाही. शेजारच्या गोजाबाईनं मोडक्यातोडक्या अक्षरात वेगळ्या चिठ्ठीवर लिहून दिलंय, ती सोबत आहे. उत्तर गोजाबाईच्या नावानं धाडा. ती विधवा, एकटी राहते, तिचं टपाल कुणी फोडत नाही. आमच्या घरी सासरे आहेत, यशवंतराव. जुन्या वळणाचे आहेत, त्यांना यातलं काही कळता कामा नये.

विमल मुंगसे


चिंचवड, २२ नोव्हेंबर १९५७

सौ. विमलबाई मुंगसे यांस रंगराव माळेगावकर याचे कृतानेक नमस्कार.

आपलं खत पोचलं. गूळ लागूनही पत्ता बरोबर होता. मी मूळचा बीडकडचा. निजामाच्या पोलिसात होतो. अठ्ठेचाळीस साली ती सल्तनत गेली, तिच्याबरोबर माझी वर्दी गेली. नजर तेवढी शाबूत आहे, तिच्यावरच पोट चालतं.

माझ्याकडे येतात ती खतं रडून भिजलेली तरी असतात नाहीतर शिव्यांनी भरलेली. आपलं असं साफ, सरळ खत आजवर आलं नव्हतं. तीनदा वाचलं. तहकीकात आजपासून सुरू करतो. मारुतरावांचा एखादा फोटो असेल तर बेलाशक धाडावा.

आपला,
रंगराव माळेगावकर


चाकण, २९ नोव्हेंबर १९५७

रा. रा. रंगराव यांस नमस्कार.

फोटो एकच आहे. लग्नानंतर जेजुरीला काढलेला, दोघांचा. गोजाबाई म्हणत होती, तुझी बाजू कातरून धाड. पण जोडीचा फोटो कातरणं बरं नव्हे, म्हणून आख्खा धाडते. तुम्ही नुसतं ह्यांच्याकडे बघा. काम झालं की लगेच परत करा. ट्रंकेतल्या लुगड्याखाली त्याची जागा रिकामी पडलीय आणि रोज उगाच हात तिकडे जातो.

विमल मुंगसे


दवाखान्यातून, ८ डिसेंबर १९५७

सौ. विमलला,

हे पत्र रंगराव नावाचे गृहस्थ तुला हातोहात देतील. तूच त्यांना मला हुडकायला लावलंस म्हणाले. राग आला न्हाई. बरं वाटलं. कुणीतरी हुडकतंय म्हणून बरं वाटलं.

मी दापोडीत न्हाई. नदीपलीकडं क्षयाच्या दवाखान्यात हाय. दसऱ्याच्या आधी खोकल्यातनं रक्त पडलं. पाडव्याला ताट वेगळं मागितलं ते त्यापायी, पोरीला जवळ घेतली न्हाई ते त्यापायी. तिनं तोंड एवढंसं केलं ते अजून डोळ्यापुढनं हलत न्हाई. तुला सांगायला तोंड उघडलं आन मिटलं. आमचा चुलता ह्याच रोगानं गेला तवा गावानं आमचं पाणी तोडलं हुतं. आबांनी ते एकदा सोसलंय, पुन्हा कसं सांगू? कारखान्यातल्या मिस्त्रीलाबी शपथ घातली, घरी कळवू नको म्हणून.

डाक्टर म्हणतो, औषधानं भागत न्हाई, बरगड्या काढून आपरेशन करावं लागंल. संक्रांतीनंतर लांबवलं तर फुप्फुस हाती राहायचं न्हाई. घरच्या माणसाची सही पायजे. आबांना न सांगता तूच ये. रंगराव तुला घेऊन येतो म्हणाले. माणूस भला दिसतो. वाट बघतो.

मारुती


चिंचवड, ११ डिसेंबर १९५७

सौ. विमलबाई यांस नमस्कार.

दिल घट्ट करून वाचावं. तहकीकात पुरी झालेली नाही, पण हाती आलं ते दडवणं माझ्या पेशाला शोभत नाही. दापोडीत रेल्वेलगतच्या एका गल्लीत खोली आहे. खोलीत बाई आहे. मारुतराव तिथं राहतात आणि खुशीत आहेत. याहून जास्त लिहवत नाही.

आपण खचू नका. खचणाऱ्यांपैकी आपण नाही, हे मी स्वतः पाहिलं आहे. परवा कामानिमित्त चाकणच्या बाजारात आलो होतो. आपण कांद्याच्या ढिगाशी उभ्या राहून आडत्याशी भांडत होता. मोरपंखी लुगडं होतं. आडत्या शेवटी हसला आणि आपणही हसलात. एवढी कामं सोडवली, पण कुणाला हसताना बघून मला असं कधी झालं नव्हतं.

रंगराव


चाकण, १६ डिसेंबर १९५७

रा. रा. रंगराव यांस,

पत्र वाचून जात्यावर जाऊन बसले. दळण कधी संपलं कळलं नाही, रिकामंच जातं फिरवत होते. सासरे आतून ओरडले, “पोरी, दगूड दळतीस का काय?” तेव्हा थांबले. मग चुलीशी बसून धुराच्या नावानं रडून घेतलं. घरच्या बाईनं दुसरं करायचं काय?

आता गल्लीचा आणि खोलीचा पत्ता धाडा. मी जाते. तिच्या झिंज्या उपटायला नाही. ह्यांच्या समोर उभी राहून एवढंच विचारीन, की माझं राहू द्या, त्या पोरीनं तुमचं काय घोडं मारलं होतं?

आणि रंगराव, मोरपंखी लुगड्याचं तपासात काय काम? मी तपास ह्यांचा करायला सांगितला होता, माझा नव्हं.

विमल मुंगसे


चिंचवड, २१ डिसेंबर १९५७

विमलबाई,

पत्ता देणार नाही. तिथं जाऊन आपण अपमान करून घ्याल, तो मला बघवणार नाही.

आपण विचारलंत म्हणून खरं सांगतो. बाजारातली गाठ अचानक पडली नव्हती. मी आठवड्यातून तीनदा चाकणला येतो. आपल्या घरासमोर रस्त्यापलीकडे चिंच आहे, तिथं एसटीची वाट बघतोय असं दाखवून उभा राहतो. दिवेलागणीला आपण उंबऱ्याशी दिवा ठेवता आणि दापोडीच्या बाजूला बघत राहता. पोरगी पदर ओढते तेव्हा आत जाता. ज्याच्यासाठी बघता तो त्या लायकीचा नाही, विमलबाई. मी तिथं चार हातांवर उभा असतो आणि आपण माझ्याकडे एकदाही बघत नाही.

आपण लिहिलं होतं, फोटोत नुसतं ह्यांच्याकडे बघा. मी हुकूम मोडला. त्यांच्याकडे मी बघतच नाही.

रंगराव


चाकण, २ जानेवारी १९५८

रंगराव,

नमस्कार लिहीत नाही, मनात नाही म्हणून. बारा दिवस कुणाला काय सांगावं या विचारात घालवले. पोरीला अंगणात जाऊ देत नाही. दिवा लावायला गोजाबाईला पाठवते. माझ्याच घरात मी चोरासारखी दाराआडून बघते. लाज वाटत नाही तुम्हाला?

तपास आजपासून बंद. फोटो आणि माझी पत्रं परत धाडा. पुन्हा त्या चिंचेखाली दिसलात तर सासऱ्यांना सांगेन. वय झालंय त्यांचं, पण माणूस कांद्यासारखा सोलतात अजून.

पत्ता तुमच्यापाशीच ठेवा. संक्रांत झाली की मीच दापोडीला जाऊन कारखान्याच्या दारात उभी राहणार आहे. हजार माणूस बाहेर पडेल शिफ्ट सुटल्यावर, त्यात माझा नवरा मला ओळखू येईल.

विमल मुंगसे


चिंचवड, ६ जानेवारी १९५८

विमलबाई,

दापोडीला जाऊ नका. हात जोडून सांगतो.

आपल्या हातची चार खतं माझ्यापाशी आहेत. परक्या पुरुषाला लिहिलेली, सासऱ्याच्या पाठीमागं, एका विधवेच्या पत्त्यावरून. सोबत फोटो धाडलेला. मी पोलिसात होतो. कागदात काय लिहिलंय हे कुणी वाचत नाही, कुणी कुणाला लिहिलंय तेवढंच वाचतात. यशवंतराव जुन्या वळणाचे आहेत हे मला आपणच कळवलं. ते ही खतं कशी वाचतील? पोरगी कुणाकडे राहील? ही धमकी समजू नका, अर्ज समजा.

नशीब एका रात्रीत फिरतं. बाई मोकळी झाली की तिला कुणाची वाट बघावी लागत नाही. त्या दिवशी मी चिंचेखाली असेन.

रंगराव


(पोस्टकार्ड. एक कोपरा फाडलेला.)

दापोडी, १६ जानेवारी १९५८

विमलबाई मुंगसे, मु. पो. चाकण, यांस,

कळवण्यास अत्यंत दुःख होते की आपले यजमान मारुतराव हे काल सकाळी अल्पशा आजाराने देवाघरी गेले. उशीर करता येण्यासारखा नसल्याने अग्नी येथेच दिला. आपण येण्याची तसदी घेऊ नये. ईश्वरेच्छेपुढे इलाज नाही.

कारखान्यातील सोबती


दवाखान्यातून, २० जानेवारी १९५८

ती. मामांस विमलचा शिरसाष्टांग नमस्कार.

पहिल्या ओळीतच सांगते, तुमचा मुलगा जिवंत आहे. मी त्यांच्या पलंगापाशी बसून लिहितेय. मंचरला वन्संकडे कुणी काही भलतं घेऊन आलं तर विश्वास ठेवू नका.

तुम्ही मंचरला गेल्याच्या तिसऱ्या दिवशी भैरू पोस्टमन आला. अंगणात आला नाही. रस्त्यावरूनच म्हणाला, “वैनी, जरा भाईर या.” त्याच्या हातात कोपरा फाटलेलं कार्ड होतं. तिथंच उभ्या उभ्या वाचलं. आत आणलं नाही. गल्ली गोळा झाली. सावित्रीबाई तर माझ्या पाठीवर हात ठेवून रडायलाच लागल्या आणि कुणीतरी बांगड्यांसाठी दगड आणला. आदल्याच दिवशी हळदीकुंकवाला माझी ओटी भरली होती त्याच बायांनी.

दगड मनगटापाशी आला आणि माझी नजर पत्त्यावर गेली. कार्ड माझ्या नावानं होतं.

मी ओरडले, “थांबा!” मरणाचं कार्ड बाईच्या नावानं कुणी धाडतं का? बाप जिता आहे, घरचा कर्ता आहे. फिटर असो नाहीतर हमाल, मराठी माणूस असेल तर बापालाच लिहील, आणि मजकुरात वर लिहील की सूनबाईंना सांभाळून सांगा. तुम्ही मंचरला गेलात हे दापोडीतल्या सोबत्यांना कसं कळणार? ते ज्याला ठाऊक होतं, आणि आपल्या घरात माझ्याशिवाय दुसरं माणूस आहे हे ज्याच्या ध्यानातच येत नाही, असा एकच इसम मला माहीत होता. बाया म्हणाल्या, कार्ड फाडून टाक, अशुभ ठेवू नको. फाडायचं म्हणूनच तर त्यानं कार्ड धाडलं होतं, पुरावा आपसूक नाहीसा. मी फाडलं नाही. अंगणाच्या गडग्यावर दगडाखाली ठेवलं.

पोरीला सावित्रीबाईंकडे ठेवून गोजाबाईला घेऊन सकाळची एसटी धरली. धीट असल्याचं सोंग तेवढं होतं, मामा. वाटेत दहा वेळा कपाळाला हात लावून कुंकू चाचपलं. खरंच गेले असतील तर, हाच घोर. कारखान्यातल्या मिस्त्रीनं मला बघितलं आणि शपथ मोडली. हे क्षयाच्या दवाखान्यात आहेत, कार्तिकापासून.

दवाखान्यातल्या कारकुनानं विचारलं, पेशंटचं नाव? मी गोजाबाईकडे बघितलं, ती भांबावलेली. बारा वर्षांच्या संसारात जे केलं नाही ते केलं. “मारुती यशवंत मुंगसे,” मोठ्यानं म्हणाले. व्हरांड्यातली माणसं वळून बघायला लागली.

आता ऐका, आणि रागवायचं ते इथं येऊन रागवा. ह्यांचा शोध घ्यायला मी तुमच्या पाठीमागं एका परक्या माणसाला पत्रं लिहिली. रंगराव माळेगावकर त्याचं नाव. त्याला हे पहिल्या पंधरवड्यातच सापडले. मला त्यानं दुसऱ्या बाईची गोष्ट रचून सांगितली. ह्यांनी माझ्यासाठी दिलेली पत्रं गिळली, आणि माझ्या अक्षराची नक्कल करून ह्यांना लिहिलं, की ‘मला पोरीला जपायचंय, मी येत नाही.’ ह्यांनी ते उशाशी ठेवलं होतं. अक्षर हुबेहूब माझं, मला स्वतःला क्षणभर शंका आली. डॉक्टरांना त्यानं ‘मी पेशंटच्या बायकोचा भाऊ’ म्हणून सांगितलं, घरचे सहीला राजी नाहीत म्हणाला. पेशंटनंही मान हलवली, कारण त्याच्या उशाशी माझं पत्र होतं! आणखी पंधरा दिवस गेले असते तर ते कार्ड खरं झालं असतं.

त्याची सगळी पत्रं आणि मी काय लिहिलं तेही मी तुम्हाला स्वतः वाचून दाखवणार आहे, एक ओळ न गाळता. तुम्ही नाही म्हणालात तर पोरीला घेऊन मी माहेरी जाईन. पण सही मी केलीय. तुम्हाला न विचारता केली, वेळ नव्हता. आपरेशन गुरुवारी आहे. या.

तुमची सून,
विमल


चाकण, २७ फेब्रुवारी १९५८

रंगराव,

फौजदार तुमच्या खोलीवर गेले तेव्हा कुलूप होतं. खोलीमालक म्हणाला, माणूस कुठं असतो ठाऊक नाही, पण टपाल न्यायला येतो. म्हणून लिहितेय. हे शेवटचं.

आपरेशन झालं. डावीकडच्या पाच बरगड्या काढल्या. एका खांद्यानं कलतात, पण श्वास चालू आहे. मामा आले होते. मी पत्रं वाचायला घेतली. तुमची चार, माझी चार, सगळी. तुमच्याकडे असलेली माझी मला तोंडपाठ होती. मामांनी मान खाली घालून ऐकली. शेवटी एवढंच म्हणाले, “माज्याच पोरानं मला सांगितलं न्हाई, मग सुनंला काय म्हनू?” आणि गावात जाऊन चावडीवर स्वतःच्या तोंडानं सांगितलं, की मारुतीला क्षय आहे, ज्याला पाणी तोडायचं त्यानं आजच तोडावं. दोन घरांनी तोडलं. बाकीचे येतात-जातात. तेव्हा तुमच्याजवळचे कागद आता चुलीत घाला नाहीतर पेपरात छापा.

माझं मनगट अजून दगड दिसला की मागं येतं. चिंचेखाली कुणीही उभं राहिलं की पोरीला आत बोलावते. हे तुम्ही मला दिलं, ते राहील.

पण लिहायला बसले ते वेगळ्याच गोष्टीसाठी. तुमचं सगळं मी ह्यांना सांगितलं. खोटी पत्रं, कार्ड, सगळं. मला वाटलं, शिव्या देतील, निदान थुंकतील. हे म्हणाले, “रोज चार वाजता यायचा. संत्रं सोलून एकेक फोड हातात द्यायचा. वार्डात सगळ्यांकडं कुणी ना कुणी यायचं. माझ्याकडं तो यायचा. तुझ्याबद्दल विचारायचा, लग्नात काय नेसली होती, रागावते कशी, हसते कशी. मी सांगायचो. तीन महिन्यांत तुझ्याबद्दल बोलायला मला तेवढा एकच माणूस मिळाला.”

मला आधी तुमचा राग आला, मग ह्यांचा, मग माझा. मीच आधी दापोडीला गेले असते तर? एका एसटीचा रस्ता होता. लोकलाजेखातर मी गुळाच्या कागदावरचा माणूस पाठवला.

आता मी दर दोन दिवसांनी जाते. दुपारपासून पलंगाशी बसते, संत्रं मीच सोलते. बोलणं चांगलं चालू असतं. आणि चार वाजले की हे दाराकडे बघायला लागतात.

विमल